यंत्र न विकणारा माळी

संस्थानं विलीन झाली तेव्हा एका राजाच्या बागेतलं गवत कापायचं यंत्र बुऱ्हाणपुरात, बुधवारा पेठेतल्या एका दुकानात विकायला आलं. जसोंडी गावच्या आमच्या शेतांच्या लांबलचक बांधांचं गवत कापायला माणसं मिळत नव्हती. सासरे बाजारात अडकले, म्हणून यंत्र बघायला मी गेले. एकोणीस वर्षांची सून, चार इयत्ता शिकलेली, म्हणजे सगळं कळणारीच.

यंत्रासोबत त्या बागेचा म्हातारा माळीही आला होता. त्याने पात्यांत कागदाची पट्टी धरून चाक हलकेच फिरवलं. पट्टी आवाज न होता कापली गेली. मग लेकराचं तोंड पुसावं तसं त्याने पातं पुसलं.

"पसंत आहे," मी ऐटीत म्हणाले.

त्याची नजर माझ्या लुगड्याच्या काठाला चिकटलेल्या कुसळांवर गेली.

"बाई, तुमचं गवत कमरेएवढं वाढत असेल. हिच्याखाली ते नुसतं आडवं होईल. ही मशीन हिरवळीची. तुम्ही विळेच घ्या."

"मग ही कोण घेईल?"

"जो घेईल तो मलापण ठेवील, असं दुकानाचे शेठजी बोलले आहेत," तो म्हणाला आणि पुन्हा पुसू लागला.

घरी मी सांगितलं, "मी पारखलं, आपल्या कामाचं नाही." सासऱ्यांनी कौतुक केलं. त्या जाणत्या माणसालाच बांधांवर कामाला बोलवावं, हे मला आठ दिवसांनी सुचलं. सासऱ्यांना घेऊन गेले, तर माळी नव्हता.

"काढलं त्याला," शेठजी म्हणाले. "आलेलं गिऱ्हाईक परत पाठवत होता."

ते गिऱ्हाईक मीच, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.