आयव्हरी टॉवेलवरचे लाल डाग

मीटिंगमध्ये स्क्रीनवर टॉवेलचा फोटो होता आणि सगळे तो खुनाचा पुरावा असल्यासारखे बघत होते. टॉवेल आयव्हरी, म्हणजे दुधाच्या सायीच्या रंगाचा, आणि त्यावर लाल डाग. परदेशातल्या एका हॉटेलने आमचे टॉवेल पहिल्यांदा धुतले तेव्हा डाग उमटले, आणि तिथल्या लोकांना ते रक्त वाटलं. ग्राहकाची मेल आली, रूट कॉज ॲनालिसिस पाठवा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा.

रूट कॉज ॲनालिसिस म्हणजे चूक कुठून सुरू झाली ते मुळापर्यंत शोधत जाणं. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात लॅब माझ्याकडे, म्हणून ते काम माझं. पण आमचे मालक अप्पा घाबरले होते. त्यांनी प्रत्येक खात्याला ॲनालिसिस करायला लावलं.

मग काय, जत्राच भरली. अकाउंट्सने व्हेरियन्स ॲनालिसिस आणलं, म्हणजे ठरलेला खर्च आणि झालेला खर्च यांतला फरक. डागाचा त्यात उल्लेखही नव्हता. मार्केटिंगने स्वॉट ॲनालिसिस केलं. त्यात आपली ताकद, कमजोरी, संधी आणि धोके चार रंगीत चौकोनांत लिहितात. धोक्याच्या चौकोनात एकच शब्द होता, ‘डाग’. एचआरच्या साहेबांनी फेल्युअर ॲनालिसिस आणलं. इंजिनिअर लोक हे तुटलेल्या गिअरचं करतात. साहेबांनी माणसाचं केलं.

तो माणूस म्हणजे सिद्राम. टॉवेलचा लांबलचक तागा रोलरवरून ओढून कापणारं जे मशीन असतं, त्याचा ऑपरेटर. हा माल कापला गेला त्या आठवड्यात त्याच्या बोटाला पट्टी होती. बोट कापलेलं, टॉवेल लाल, विषय संपला. सस्पेन्शनचं पत्र टाईप होऊन तयार होतं.

सिद्राम लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. “मी काय केलो न्हाई की मॅडम. बोट घरी विळीवर कापलं. हितं यायच्या आधीच रक्त थांबलं होतं.” घरात कमावणारा तो एकटाच. माझं डोकंच सरकलं. मी अप्पांना सांगितलं, ग्राहकाने परत पाठवलेले टॉवेल हातात पडेपर्यंत पत्र देऊ नका. ते कसेबसे तयार झाले.

केमिस्टच्या भाषेत ॲनालिसिस म्हणजे एखाद्या वस्तूत काय काय आहे ते ओळखणं. त्यासाठी आमच्याकडे महागडी यंत्रं आहेत आणि मीही ती लावून बसले होते. कुरिअरचा खोका उघडला, तर टॉवेलवर लाल काहीच नाही. फिकट पिवळे ठिपके फक्त. रक्त काही पिवळं होत नाही. ठिपक्यावर साबणाचं पाणी टाकलं, तो लालभडक झाला. कँटीनमधून लिंबू मागवून पिळलं, पुन्हा पिवळा.

हळद! हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि साबण निघून गेला की परत पिवळा, हे ज्याने एकदा तरी घरचे कपडे धुतलेत त्याला ठाऊक असतं. आमच्या मीटिंगमध्ये मात्र त्याला इंग्रजी नाव नव्हतं, म्हणून कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मग टेप लावली. दोन ठिपक्यांमधलं अंतर प्रत्येक टॉवेलवर सारखंच. म्हणजे डाग फिरणाऱ्या वस्तूचा, एका फेऱ्याला एक. कापायच्या मशीनच्या रोलरचा घेर मोजला, तो बरोबर तेवढाच निघाला. हे सगळं मी मीटिंगमध्ये मांडलं. मशीन सिद्रामचंच म्हटल्यावर एचआरच्या साहेबांचा चेहरा उजळला.

मी विचारलं, “रोलरला हळद कुणी लावली?”

सगळे टेबलाकडे बघायला लागले. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा होते. कामगार हळदकुंकू मोटरच्या झाकणावर लावतात, जिथे कापड लागत नाही. पण यंदा हे मशीन नवीन होतं आणि पूजेला अप्पा स्वतः बसले होते. त्यांनी भक्तिभावाने थेट रोलरवर ओल्या हळदीचा टिळा लावला. मुहूर्त म्हणून लगेच आयव्हरीचा तागा चढवला. सायीच्या रंगावर फिकट पिवळं तपासणीत दिसलं नाही. आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मीच की ओ,” ते म्हणाले.

पत्र त्यांनी तिथेच फाडलं. सिद्रामला आत बोलावून सगळ्यांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणाले. त्या क्षणी मला या माणसाचा फार अभिमान वाटला. पुढच्याच क्षणी त्यांनी हळूच विचारलं, रिपोर्टमध्ये नाव टाकावं लागतं का.

नाव टाकलं नाही. ‘मशीन सुरू करण्याच्या विधीत रोलरला नैसर्गिक पिवळा रंग लागला’ असं लिहिलं. ऑर्डर टिकली. फक्त ग्राहकाने त्या विधीची एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धत, मागितली. त्यामुळे आमच्या हळदकुंकवाला आता इंग्रजीत एसओपी आहे, आणि तिच्यावर अप्पांची सही आहे.

पुढच्या खंडेनवमीला अप्पा ताट घेऊन मशीनसमोर आले आणि थबकले. सिद्रामने मोटरच्या झाकणाकडे बोट दाखवलं. “तितं लावा की मालक.” त्यांनी मुकाट्याने तिथे लावलं.

ॲनालिसिस कुठल्याही खात्याचं असो, आधी टॉवेल हातात घ्यावा. आणि सगळे टेबलाकडे बघायला लागले, की आपण मालकाकडे बघावं.