धोंडीबाईने कधी न विचारलेली जागा

साखरशेतच्या धोंडीबाईला आठ मुलं झाली, त्यातली पाच जगली. गेलेली देवाची होती म्हणून देवाकडे गेली, अशी मनाची समजूत घालून ती पुन्हा नागलीच्या शेतात वाकायची. थोरली चंदा मात्र आश्रमशाळेत शिकली आणि जव्हारला शिक्षिका झाली. २००३ साली, मुलगी वर्षाची झाल्यावर, तिनं कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी नाव दिलं. हे कानावर येताच धोंडीबाई सकाळच्या एसटीनं भांडायलाच आली.

“एकीवर थांबतीस? उद्या तिला काय झालं म्हंजे? पगार हाय, पक्कं घर हाय, आन् पोरालाच जागा नाय व्हय गं?”

चंदानं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं.

“आये, तुझी तिघं गेली तवा तू बाळंतीण. तुला उंबऱ्याबाहेर पडायचं नव्हतं. बा खड्डा खणायचा आणि तोवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या मांडीवर असायचं. पहिल्या वेळी मी सात वर्षांची होते. आता माझ्या पोरीला मांडीवर घेतलं तरी माझे हात गार पडतात.”

धोंडीबाईनं विचारलं, “माझी तिघं कुठं ठेवली गं?”

“वरच्या माळावरच्या मोहाखाली. शेजारी शेजारी.”

त्याच मोहाची फुलं धोंडीबाई दरसाल वेचत आली होती. ती पदर तोंडाशी धरून बसून राहिली. निघताना एवढंच म्हणाली, “दवाखान्यात जाशील त्या दिवशी मी येते. पोरीला कोण धरील?”