परदेशी शीड

खाडीत सदाकाकांच्या होडीवर नवं, पांढरंशुभ्र शीड फुगलेलं दिसलं. गेली वीस वर्षं त्यांची शिडं मीच शिवत आले. हे मात्र त्यांनी परदेशातून मागवलेलं, माझ्यापेक्षा स्वस्त. फाटू दे एकदा, असं मनात आलंच.

दुसऱ्या दिवशी तेच शीड खांद्यावर टाकून काका माझ्या दारात उभे. "खालून वीतभर लांब आलंय गं. आखूड करून देशील?"

चूक सापडावी म्हणून मी सगळी शिवण तपासली. एकही टाका वाकडा नव्हता. कुठल्यातरी दूरच्या गावात माझ्यासारखीच कोणी बाई मशीनवर वाकून बसली असेल. जिला कधी पाहिलंही नाही, तिचा इतका हेवा वाटू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मी हट्टालाच पेटले. खालची शिवण दोनदा उसवली आणि तिच्याइतकीच बारीक होईपर्यंत पुन्हा घातली.

काकांनी काठावरून बोट फिरवलं. "तुझी शिवण कुठली नि त्यांची कुठली, कळतच नाही बघ!"

त्यांनी कौतुकच केलं होतं. मला मात्र ते दिवसभर बोचत राहिलं.