शेजारीण लक्ष देते

शेजारच्या आजींच्या खिडकीपाशी टोपी घातलेली एक बाई बसते, हे मला त्यांनीच सांगितलं. तेही इतक्या सहज, की पोस्टमन येऊन गेला म्हणावं. "आज तिने करडा कोट घातलाय," त्या म्हणाल्या. "काहीतरी लिहितेय." खुर्ची रिकामी होती. मी चहा घेऊन उभी होते, तो तसाच टेबलावर ठेवून दिला.

आइंडहोवनजवळच्या एका गावात आम्ही राहतो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. नवरा आयटीतला, मी त्याच्या व्हिसावर मागोमाग आलेली, पुढे घरूनच डिझाइनची कामं घ्यायला लागले. आजी मूळच्या इंग्लंडच्या, डच माणसाशी लग्न करून इथे आलेल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वय नव्वदीला टेकलेलं. आमचं बोलणं इंग्रजीतून, पण मी त्यांना 'आजी'च म्हणायचे आणि त्यांना ते फार आवडायचं. त्यांचे डोळे अधू झाले होते, म्हणून दर बुधवारी दुपारी मी त्यांना वाचून दाखवायला जायचे. वाचायचं काय, तर त्यांच्या आजीची जुनी वही.

शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडात सरकारला एकदम गरिबांची दया आली होती. म्हाताऱ्यांना पेन्शन, कामगारांना विमा, गरीब मुलांना शाळेत जेवण. ऐकायला झकास! पण पेन्शन सत्तरीनंतर, तोवर जगलात तर. आजारपणात डॉक्टर मिळायचा तो विम्यातल्या कामगाराला, त्याच्या बायकोला नाही. आणि जेवण कुठल्या मुलांना द्यायचं हे ठरवायला चांगल्या घरच्या बायका गरिबांच्या घरी जाऊन पाहणी करायच्या. आजींची आजी त्यांतलीच एक.

वहीत प्रत्येक घराला एक पान. खोल्या किती, अंथरुणं किती, वास कसला, बाई नीटनेटकी की गबाळी. त्यातलं एका विधवेचं पान डोक्यातून जात नाही. तीन मुलं. पायरी घासून लख्ख, पडदे धुतलेले, पाहुणीसाठी टेबलावर कप मांडलेले. शेजारीण लक्ष देते, सूप आणून देते. सबब मुलांना जेवणाची गरज नाही. पुढच्या भेटीत एवढीच नोंद होती की दाराला कुलूप आहे, शेजारीण गाव सोडून गेली, मुलं कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही.

"काय बाई होती हो तुमची आजी!" मी भडकून म्हटलं.

"फार प्रेमळ होती. माझ्या फ्रॉकला तीच बटणं लावायची," आजी म्हणाल्या. मग खुर्चीकडे बघत आवाज खाली आणला, "हळू बोल. ऐकतेय."

आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, समजावलं की नजर जायला लागली की मेंदू रिकाम्या जागी स्वतःच चित्रं काढतो. हे वेड नव्हे, भूत तर नव्हेच नव्हे. मला पटलं. तरी त्या खुर्चीत मी कधी बसले नाही. एकदा आजी आत झोपल्या होत्या आणि मी कप विसळत होते, तेव्हा पाठीमागे कागद उलटल्याचा आवाज आला. वळून बघायची हिंमत झाली नाही. नळ तसाच टाकून घरी पळाले. नवरा संध्याकाळभर मला चिडवत होता.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आजी बाथरूममध्ये दोनदा पडल्या होत्या. एकदा गॅस चालू राहिला होता. आठवड्यातून तीन-चार दिवस कुणी माणूस आलं, तरच त्या एकट्या राहू शकणार होत्या. म्हणून आम्ही खेमेंतेकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज केला. तिथली बाई घरी येते, टेबलाशी बसून गप्पा मारते आणि मदत द्यायची की नाही ते ठरवते.

आता घरी माणूस येणार म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारतं, देव जाणे. आदल्या दिवसापासून घासपूस. खिडक्या पुसल्या, पडदे धुतले, जळकं पातेलं कपाटात दडवलं. आजींना निळा ड्रेस घातला, केस विंचरले. साजूक तुपातला शिरा केला.

बाई तरुण, हसरी, सायकलवरून आलेली. उजेड बरा आहे म्हणून नेमकी त्याच खुर्चीत बसली. आजींचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या ताठ उठल्या, भिंतीला हात न लावता चालत गेल्या आणि स्वतः कप घेऊन आल्या. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं.

"पडता का कधी?" "छे!" "नसलेलं काही दिसतं?" "असलेलंच दिसत नाही, तर नसलेलं कुठून दिसणार!" दोघी हसल्या. बाई लिहीत होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, यांना मदत कोण करतं?

पडणं, गॅस, टोपीवाली, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. आणि परक्या माणसासमोर त्यांची अब्रू काढायची कशी? "आम्ही आहोत की!" मी शिऱ्याची बशी पुढे केली. "शेजारी कशाला असतात? तुम्ही अजिबात काळजी करू नका." वर आणखी थोडा घ्या ना, म्हणून आग्रह. मोठी शहाणी मी!

ती गेल्यावर आजी कुजबुजल्या, "दोघींनी एकदमच लिहिणं थांबवलं." मी शिऱ्याची बशी उचलून आत नेली.

पत्र आलं. घर व्यवस्थित आहे, शेजारीण लक्ष देते, सबब मदतीची गरज नाही. हे मी आधी वाचलंय, असं वाटलं, आणि वाचलंच होतं. हरकत घ्यायला सहा आठवडे होते. पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, तिकिटं काढलेली होती. "पुण्याहून आले की लिहू," मी आजींना म्हटलं. नवऱ्याला बजावलं, रोज डोकाव. तो डोकावतही होता. मधले दोन दिवस त्याला ऑफिसच्या कामाला मास्ट्रिख्टला जावं लागलं.

त्याच दोन दिवसांत आजी बाथरूममध्ये पडल्या. मदत बोलवायचं, गळ्यात घालायचं अलार्मचं बटण खुंटीला टांगलेलं. मास्ट्रिख्टहून परत आल्यावर नवऱ्यानेच दार उघडलं, तोवर त्या गेल्या होत्या. मी आईच्या डोळ्यांत थेंब घालत होते, तेव्हा त्याचा फोन आला. तुझी काय चूक, असं सगळे म्हणतात. मला तो धीर नको वाटतो. त्या दिवशी मी खरं बोलायला हवं होतं, आणि मी शिरा वाढत बसले.

नोव्हेंबरात दारावरची बेल वाजली. आपल्या माणसांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांचे आभार मानायचा इथे एक दिवस असतो. त्या भेटीत माझं नाव लिहून घेतलं असणार. या वेळी खेमेंतेकडून आलेल्या दुसऱ्याच बाईंच्या हातात पांढऱ्या ऑर्किडची कुंडी होती आणि माझ्या नावाचं कार्ड. तुमच्यामुळे त्यांना स्वतःच्या घरी राहता येतं, पुढच्या वर्षीही असंच लक्ष असू द्या, असं त्यावर छापलं होतं. खाली आजींचा पत्ता, अगदी बरोबर.

"कशा आहेत त्या?" बाईंनी हसून विचारलं आणि कुंडी मिळाल्याच्या सहीसाठी कागद पुढे केला.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं, आणि सही केली.