भप् झालंच नाही

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगताना मला अजूनही घाम फुटतो. आणि एक विनंती, आमच्या मोरिवलीच्या बिल्डिंगच्या गेटवर जाऊन याची चौकशी करू नका. तिथे मी दिसले की लोक अजून मुद्दाम नाकाला रुमाल लावतात.

सुरुवात एवढ्याशा गोष्टीने झाली. आमच्याकडे बाथरूमला गॅसचा गिझर आहे. नळ सोडला की तो टक टक टक करतो आणि मग भप्! करून पेटतो. त्या भप्‌ला मी रोज दचकते. दोन वर्षं झाली, सवय नाही झाली.

त्या दिवशी नळ सोडला. टक टक टक झालं. आणि भप् झालंच नाही.

डोक्यावर शाम्पू, डोळे अर्धे मिटलेले, आणि नळाला बर्फासारखं पाणी. मी नळ बंद करून पुन्हा सोडला. टक टक टक. शांतता! आता माझं डोकं कसं चालतं बघा हं. ठिणगी पडतेय, पण जाळ होत नाहीये. म्हणजे गॅस न जळता बाहेर पडतोय. मग तो जातोय कुठे? घरात! साठतोय!

गिझर बसवणारे मोहनभाई डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांचं उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये दुकान. बसवायला आले तेव्हा मी त्यांना इतके प्रश्न विचारले, की ते शेवटी बाबांना म्हणाले, “साहब, आपकी बेटी को ही मेकॅनिक बना दो.” पण नियम त्यांनी सगळे नीट सांगितले होते. “देखो बेटा, गिझर मैंने बाहर बाल्कनी में लगाया, सिलेंडर भी बाहर. फिर भी बाथरूम की खिडकी बंद नहीं करने का. साल में एक बार सर्व्हिस. जोड पे साबुन का पानी लगाने का, बुलबुला आया तो समझो लीक. और लीक लगा तो रेग्युलेटर बंद, बटन को हात नहीं, सीधा बाहर!”

हे मी वहीत लिहून ठेवलंय. हो, वहीत.

घरात मी एकटीच. आई-बाबा बदलापूरला, शिरगावच्या मावशीकडे गेलेले. मी गाऊन चढवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि बाल्कनीत गेले. साबणाचं पाणी कुठून आणू? हातात शाम्पूची बाटली होतीच. मग्यात शाम्पू ओतला, पाणी घातलं, खसाखसा फेसलं आणि तो फेस पाइपच्या जोडावर थापला.

आणि काय सांगू! बुडबुडे! एक नाही, दोन नाही, शेकडो!

(आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, फेसाला बुडबुडे असणारच. तुम्ही खुर्चीत बसून म्हणताय. मी त्या सिलेंडरपासून वीतभर अंतरावर उभी होते.)

रेग्युलेटर फिरवला. पण बंद उजवीकडे की डावीकडे? आधी उजवीकडे फिरवला, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. शेवटी तो कुठे आहे हेच मला कळेना. हात शाम्पूने बुळबुळीत. आणि तेवढ्यात वास आला. खरंच आला हो! आमच्या मोरिवलीला कारखान्यांमुळे कसला ना कसला वास रोजच असतो, पण त्या क्षणी मला पक्कं वाटलं, हा गॅसच.

पळणार, एवढ्यात पलीकडून ताम्हणाचा आवाज आला. हिराकाकू!

आमची बाल्कनी आणि हिराकाकूंचं देवघर यांच्यामध्ये फक्त एक जाळीची खिडकी. ज्या जागेवर आमची बिल्डिंग उभी आहे ती मूळची त्यांच्याच घरची. साठीच्या पुढची बाई, कानाने जरा कमी. मला ताप आला की सगळ्यात आधी त्यांची तांदळाची भाकरी आमच्या दारात येते. आणि याच हिराकाकू रोज बरोबर नऊ वाजता काडी पेटवून दिवा लावतात आणि नारळाच्या शेंड्यांवर धूप घालतात. तो धूप असा असतो, की खालच्या मजल्यावरचे खोकतात. शिवाय पूजा होईपर्यंत मौन. कुणी मेलं तरी बोलायचं नाही.

घड्याळात नऊला सात मिनिटं!

मी जाळीतून ओरडले, “काकू! काडी लावू नका!” आत टीव्हीवर आरती चाललेली. मी त्यांच्या दाराकडे धावले. बेल वाजवणार, तोच आठवलं, बटनाला हात नाही! लोखंडी दार ठोठावावं, तर माझ्या हातात स्टीलचं कडं. लोखंडावर स्टील, ठिणगी पडली तर? मग मी पायातली रबरी चप्पल काढली आणि तिने दार बडवायला लागले. धप्! धप्! धप्!

त्या आवाजाने समोरचे देवधर काका बाहेर आले. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झालेले आणि रिटायर झाल्याचं दुःख अजून न सरलेले.

“काय गं, भांडण?”

“काका, गॅस! लीक! बुडबुडे!”

काकांचा चेहरा उजळला. खोटं नाही सांगत, उजळला! त्यांनी नाक वर करून दोनदा हुंगलं. “हं. मला पहाटेपासून येतोय. मी हिला म्हटलंसुद्धा.” आणि जिन्यातून गरजले, “सगळ्यांनी खाली! बटनं दाबू नका! मोबाइल काढू नका! धावू नका!”

सगळे धावले.

पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग कंपाउंडमध्ये. कुणी दाढीचा साबण तोंडाला लावून, कुणी पीठ मळलेल्या हातांनी. आणि गंमत बघा, प्रत्येकाला वास येत होता! पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना तर चक्कर यायला लागली. देवधर काकांनी रुमाल हवेत धरून वाऱ्याची दिशा बघितली आणि सगळ्यांना इकडून तिकडे नेलं. मग वारा बदलला, पुन्हा तिकडून इकडे आणलं. मग माणसं मोजली.

“एक कमी आहे!”

मला माहीत होतं कोण. मी तिसऱ्या मजल्याच्या त्या खिडकीकडे बघत होते. वाटलं, मी खाली का आले? दार बडवत उभी का नाही राहिले? तिथे काही झालं, तर उद्या कुणाच्या तोंडाकडे बघू?

गेटबाहेर जाऊन एकाच्या मोबाइलवरून मोहनभाईंना फोन लावला. रिंग वाजतेय, वाजतेय, उचलत नाहीत. पुन्हा लावला. नाही. आईला लावला, नाही. देवधर काका शेजारी उभे राहून फायर ब्रिगेडला पत्ता सांगत होते, “हो, मोरिवली! हो, तिसरा मजला! वृद्ध महिला अडकलेली!”

नऊ वाजून गेले होते. आणि त्या खिडकीतून, हळूच, धुराची एक रेघ बाहेर आली.

“काकूऽऽ!” माझा आवाज फाटला. “हिराकाकूऽऽ! काहीतरी बोला हो! बाहेर या!”

मग सगळेच ओरडायला लागले. “काकू! ओ काकू! मावशी!” शेजारच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. रिक्षावाले रिक्षा थांबवून उभे राहिले. मी रडत होते, टॉवेल सुटून खांद्यावर आलेला, शाम्पू वाळून केस काट्यासारखे उभे.

खिडकीची जाळी सरकली. हातात धुपाटणं घेऊन हिराकाकू वाकल्या. एवढी माणसं बघून त्यांनी आधी पदर सारखा केला, मग मौन मोडलं.

“काय गो पोरी, सकाली सकाली कोनी मेला का?”

“काकू, ते विझवा! आमच्या गिझरचा सिलेंडर लीक झालाय! गॅस पसरलाय!”

“कुठला सिलेंडर?”

“बाल्कनीतला हो! तुमच्या खिडकीजवळचा!”

काकू बाल्कनीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. देवधर काकांचा फोन कानालाच.

“अगो, तो तं रिकामा हाय! काल सांजच्याला तुमचा किचनचा गॅस संपला, तवा तुजे आयनी न् मी गिझरचा भरलेला किचनला लावला, न् रिकामा तिथं नेऊन जोडला. तुला सांगितला पन व्हता, तू मोबाइलमदी बघून हूं हूं केलंस.” काकूंनी धुपाटणं खिडकीत टेकवलं आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “त्यात गॅस असता तं तुजी आंगोल नसती झाली, शिकलेली पोरी?”