घे, मोठा श्वास घे!

एका भर दुपारी नाशिकच्या तांबट आळीत मी मरायला टेकले होते... वय वर्षं बारा. हसू नका, त्या दिवशी मला पक्की खात्री होती.

माझी नव्वदी उलटली, त्यामुळे टाइप नात करतेय. तिच्या नर्सिंगच्या पुस्तकात परवा रक्तातल्या आम्लाच्या तोलाचा धडा आला आणि मला ती दुपार आठवली. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट.

आमच्याकडे तांब्याची भांडी घडवायचे. दारात कातरलेल्या पत्र्याचे तुकडे पडलेले असायचे, त्यातला एक माझ्या टाचेत घुसला. आईने हळद दाबली, मी विसरूनही गेले.

पण त्याच आठवड्यात पलीकडच्या घरातली कमल गेली. पायात खिळा घुसून तिला धनुर्वात झाला होता. तिचे वळलेले हात, घट्ट बसलेले दात मी खिडकीतून पाहिले होते... ते डोळ्यांपुढून हलेना. कुणाला काही बोलले नाही. गुपचूप टाच चाचपायची आणि जबडा हलतोय ना बघायची.

त्या दुपारी टाचेत एक कळ आली. बस्स! छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, म्हणून मी भराभर घ्यायला लागले. ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या... आणि बघते तर दोन्ही हातांची बोटं आपोआप आत वळलेली. सरळ करायला गेले तर होईनात. अगदी कमलसारखी.

"आई, मला धनुर्वात झाला!" मी किंचाळले.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, हातातलं काम टाकून डॉक्टरांकडे धावले. काकू पंख्याने वारा घालत एकच घोकत होती, "मोठा श्वास घे गं बाय... घे, मोठा श्वास घे!" मी जिवाच्या आकांताने घेत होते. आणि हात आणखीच आवळत होते.

डॉक्टर आले. म्हणाले, "आ कर." मी केला. "अजून मोठा." तोही केला.

"धनुर्वातात बहुतेक वेळा आधी जबडा धरतो. हिचा तर घसा दिसतोय. काकू, तो पंखा ठेवा आधी."

मग त्यांनी साखरेचा कागदी पुडा रिकामा करून आईच्या हातात दिला. "हा हिच्या नाकातोंडावर धरा. सोडलेलाच श्वास परत घेऊ द्या तिला."

आई मागे सरकली. "अहो, तिला आधीच श्वास पुरत नाहीये... मी माझ्या हाताने लेकीचं तोंड बंद करू?"

"पुरत नाही असं तिला वाटतंय. ती जास्त घेतेय."

आईने अण्णांकडे पाहिलं. शेवटी तिने पुडा धरला. मी तो ढकलला... मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि राहू दिला.

हळूहळू एकेक बोट उघडलं.

डॉक्टरांनी अण्णांना त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. "तांबं उजळायला तेजाब, म्हणजे आम्लच, जास्त झालं तर भांडं खातं, कमी पडलं तर काळं राहतं. रक्तातही आम्ल बेताचंच लागतं. बरंचसं श्वासातून बाहेर जातं, बाकीचं मूत्रपिंडं बघतात. पोर घाबरली, भराभर श्वास सोडत बसली, नको तेवढं आम्ल उडवून टाकलं. म्हणून हात आवळले."

नात म्हणते, आता असा पुडा धरत नाहीत, कुणी घरी करून बघू नका. बघू नकाच.

हा तोल शरीर दिवसरात्र सांभाळतं, आपल्याला न विचारता. माझ्या भीतीने तो बिघडवला होता... आणि सावरायला आईला स्वतःची भीती गिळावी लागली. आपण पोरीला मारतोय असं वाटत असूनही तिने हात काढला नाही.

पुढे मी स्वतः आई झाले तेव्हा कळलं... त्या खोलीत सगळ्यात जास्त घाबरलेली मी नव्हतेच.