सात चेंडूंचं षटक

मापसाहेबांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्याला त्यांच्या मते सबळ कारण होतं. वजनमापे निरीक्षक म्हणून छत्तीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी तराजू तपासले होते. आतून पोखरलेली वजनं, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, सगळं पाहून झालं होतं. निवृत्त झाले तरी नजर काही निवृत्त झाली नाही. दुधाच्या पिशवीकडेसुद्धा ते आरोपीकडे पाहावं तसं पाहत. मापसाहेब हे नाव गल्लीनं कौतुकानं ठेवलंय की टिंगलीनं, याचाही त्यांना संशय होताच.

क्रिकेटवर मात्र त्यांचा जीव होता. विश्वास तिथेही नव्हता, पण जीव होता. कसोटी सामना असला की ते टीव्हीसमोर वही घेऊन बसत आणि चेंडू न् चेंडू लिहून काढत, कारण पडद्यावरचे आकडे कोण भरतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. डाव संपला की ताळा. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर एकीकडे, गोलंदाजांनी दिलेल्या धावा, बाय आणि लेगबाय दुसरीकडे. दोन्हीकडे एकच बेरीज आली पाहिजे. एका धावेचा फरक पडला तरी ताटातलं जेवण थंड होऊन जाई. अशा एकतीस वर्षांच्या वह्या कपाटात होत्या.

त्या उन्हाळ्यात पाहुणा संघ पाच कसोट्या खेळायला आला. दुसऱ्या कसोटीत मापसाहेबांना टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात काळी सावली दिसू लागली.

"मुद्दाम झाकतायत हे लोक," ते बायकोला म्हणाले.

"काय झाकतायत?"

"स्क्वेअर लेगचा अंपायर. काहीतरी शिजतंय तिकडे."

त्यांनी केबलवाल्याला बोलावून झापलं. त्यानं बिचाऱ्यानं वायर बदलली, सावली हलली नाही. मग चष्मेवाल्याचा नंबर लागला. तिसऱ्या कसोटीत सावली सरकत सरकत खेळपट्टीपर्यंत आली, तेव्हा बायकोनं उठून टीव्ही बंद केला आणि विचारलं, "आता दिसते?"

दिसत होती.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर. डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, "काका, हा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरणार. पण तो नेहमी वर तरंगतो. म्हणून अकरा दिवस तोंड जमिनीकडे. झोपताना, जेवताना, चालताना, कायम. मान वर केलीत तर पडदा परत सुटेल, आणि मग माझ्या हातात काही नाही."

मापसाहेबांना अंधाराची भीती वाटत होती, खरीखुरी भीती. तरी सुतारानं फळीला चेहऱ्याएवढं भोक पाडून दिलं, त्यावर ते पालथे झोपले, आणि पहिल्याच दिवशी टीव्हीवर मोठं अपील झालं तशी त्यांची मान वीतभर वर गेली. बायकोनं धावत येऊन डोकं खाली दाबलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी डोळा तपासला आणि म्हणाल्या, "थोडक्यात वाचलात. पुन्हा असं केलंत तर माझ्याकडे येऊ नका."

म्हणून चौथ्या कसोटीसाठी घरात नवा नियम झाला. टीव्ही स्वयंपाकघरात गेला, आवाज बंद. बायको एकटी सामना बघणार, वहीत लिहिणार आणि दर षटकानंतर बाहेर येऊन सांगणार.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं ऑपरेटर होती. आलेला निरोप जसाच्या तसा पुढे द्यायचा, स्वतःचा शब्द घालायचा नाही, ही तिची सवय. तिच्यावर संशय घ्यायची वेळ मापसाहेबांवर कधी आली नव्हती, कारण मुळात ती फारसं बोलतच नसे. आता मात्र दिवसाची नव्वद षटकं तिच्या तोंडून ऐकायची होती.

पहिला दिवस संथ गेला. दुसऱ्या दिवशी आपला डाव चारशे अठरावर संपला. मापसाहेबांनी जमिनीकडे बघत फर्मावलं, "ताळा वाच." तिनं आकडे वाचले, त्यांनी मनातल्या मनात बेरजा केल्या. दोन्हीकडे चारशे अठरा.

मापसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. जिनं एकतीस वर्षांत यष्टिरक्षक आपला की त्यांचा एवढंच विचारलं होतं, तिचा ताळा पहिल्या फटक्यात जमला? त्यांच्या कार्यालयात हुशारातल्या हुशार कारकुनाचाही जमला नव्हता. त्यांनी जाळं टाकलं.

"कव्हरला कोण उभा आहे?"

"पांढऱ्या कपड्यातला."

"अगं, सगळेच पांढऱ्या कपड्यात असतात!"

"मग कशाला विचारता?" असं म्हणून ती आत गेली.

चौथ्या दिवशी चहापानाआधी ती बाहेर आली आणि नेहमीच्या सपाट सुरात म्हणाली, "फिरकीवाल्याचं षटक. एक, शून्य, शून्य, दोन, शून्य, शून्य, एक."

"किती चेंडू झाले?"

"सात."

अंपायर मोजायला चुकला आणि षटकात सात चेंडू पडले, असं मापसाहेबांनी आयुष्यात एकदाच लिहिलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, लाल पेन्सिलीनं. क्रिकेट मंडळाला तक्रारीचं पत्रही धाडलं होतं, त्याचं उत्तर अजून आलं नव्हतं. तेच षटक, त्याच धावा. ही बाई जुनी वही समोर ठेवून खेळाडूंची नावं बदलत होती! ताळा जमणारच की, तो त्यांनी स्वतःच जमवलेला होता. आणि लिहिलंय तसं वाचायच्या सवयीपायी सातवा चेंडूही तिनं इमानदारीनं पोचवला होता.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वहीतून फसवणूक! स्वयंपाकघर सहा पावलांवर होतं. उठायचं, टीव्हीकडे एकदा बघायचं, बस. त्यांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि अंग उचललं.

तेवढ्यात आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि त्यामागून दाबलेला उद्गार, "अगं बाई गं!"

ही त्यांची बायको? जिनं मरणाची आणि बाळंतपणाची बातमी एकाच सुरात सांगितली, ती? म्हणजे आत काहीतरी भयंकर चाललं होतं. बुडत असू किंवा जिंकत असू, पण मान वर जाईल असं काहीतरी होतं खास. आणि ती ते एकटीच तोंडावर पदर दाबून बघत होती.

ती बाहेर आली. "निर्धाव," म्हणाली.

मापसाहेबांचे तळवे अजून जमिनीवरच होते. मग त्यांनी हात काढून घेतले आणि कपाळ पुन्हा फळीला टेकवलं.

"पुढचं षटक कोण टाकतोय?" त्यांनी विचारलं.

पाचव्या दिवशी दुपारी सगळ्या गल्लीतून एकदम ओरडा उठला. बायको घाईनं आली आणि एवढ्या उकाड्यात तिनं खिडक्या लावून घेतल्या.

"कसला आवाज गं?"

"नळाला पाणी आलं असेल."

"आणि सामना?"

"दोनशे चार, तीन बाद. कप्तानांनी हात मिळवले. अनिर्णित." तिचा आवाज पार बसला होता. तिनं त्यांच्या मानेवर हात दाबून ठेवला होता.

"सपकच झाला म्हणायचा."

"हो ना. बघण्यासारखं काही नव्हतंच."

अकराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मग बोटं धरली. "किती?" तीन. "आता?" पाच. धूसर दिसत होती, पण पाच होती. "काका, पडदा जागेवर बसलाय. मान वर करा आता," त्या म्हणाल्या. बायकोनं पर्समधून रुमाल काढला.

"पण काय कसोटी चुकली हो तुमची!" डॉक्टरबाई खुर्ची मागे सारत म्हणाल्या. "शेवटची जोडी, एक विकेट हातात, आणि..."

"अनिर्णित झाली ती," मापसाहेब म्हणाले.

"छे! आपण जिंकलो. माझे पेशंट बाहेर नाचत होते. तुम्हाला कुणी सांगितलं अनिर्णित?"

बायको रुमालाची घडी घालत होती. ती घडी काही केल्या जमत नव्हती.

"तुमची माहिती चुकीची आहे, डॉक्टरबाई," मापसाहेब म्हणाले. "मी चेंडू न् चेंडू हिच्या तोंडून ऐकलाय."

डॉक्टरबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढची तारीख लिहून दिली.

दवाखान्याच्या दारात बायकोनं त्यांचा हात धरला. "पायरी आहे," ती म्हणाली. मापसाहेबांनी खाली न बघता पाऊल टाकलं.